फिडरचे शेपूट

अकरा केव्हीच्या कृषी फिडरची गंमत अशी, की उपकेंद्राच्या पॅनेलवर व्होल्टेज ठणठणीत दिसते आणि त्याच वेळी शेपटाच्या डीपीवर पाच एचपीची मोटार नुसती गुरगुरते. अर्धापूरची केळी असो की मांजराकाठचा ऊस, तक्रार एकच: ‘होल्टेज नाही.’

यात मोठा वाटा रिअॅक्टिव्ह करंटचा. चुंबकीय क्षेत्र उभे करायला मोटारीला तो लागतोच. पण तो उपकेंद्रापासून तारांवरून वाहून आणायलाच हवा असे नाही. ०.८ पॉवर फॅक्टरची ही मोटार सुमारे ८ अँपिअर ओढते. तिला २ केव्हीएआरचा कपॅसिटर जोडला की पॉवर फॅक्टर ०.९५ च्या आसपास जातो आणि तारेतला करंट पावणेसातवर उतरतो. तोटा करंटच्या वर्गाने बदलतो, म्हणजे जवळजवळ तीस टक्के वाचला. १०० केव्हीएच्या डीपीवर सतराच्या जागी वीस मोटारी बसतात.

कपॅसिटर लावायचा कुठे? भार सारखा पसरलेला असेल तर पुस्तकी उत्तर जुनेच आहे: रिअॅक्टिव्ह मागणीच्या दोनतृतीयांश क्षमतेचा संच, फिडरच्या दोनतृतीयांश अंतरावर. रिअॅक्टिव्हपायी होणारा तोटा नवव्या हिश्शावर येतो. तोच संच उपकेंद्राच्या बसवर ठेवला तर फिडरच्या तारांना त्याचा पत्ताही लागत नाही.

सौर प्रकल्पाचेही तेच. बारन आणि वू यांच्या १९८९च्या ३३ बसच्या फिडरवर एम.टेक.चे कितीतरी प्रबंध उभे आहेत. त्यात मूळ तोटा २०३ किलोवॅट. सहाव्या बसवर अडीच मेगावॅटचा प्रकल्प जोडला की १११. तिथेच थोडा मोठा इन्व्हर्टर घेऊन त्याच्याकडून रिअॅक्टिव्हही घेतली, तर ६८ च्या जवळ. अल्गोरिदम मुंग्यांचा वापरा की पक्ष्यांच्या थव्याचा, उत्तर फारसे हलत नाही. (तरी दरवर्षी नवा प्राणी येतोच.)

आपल्याकडे मात्र जागा सातबारा ठरवतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या २०२३च्या दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प वैजापूर तालुक्यात धोंदलगावला झाला, ३ मेगावॅटचा. असे प्रकल्प उपकेंद्राच्या आसपास जमीन पाहून तिथेच जोडले जातात. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळते आणि रात्री विंचूकाट्यात पाणी द्यायला जाणे टळते, हे मोलाचेच. वरची ३३ केव्हीची वाहिनीही हलकी होते. अकरा केव्हीच्या शेपटाचे दुखणे मात्र होते तिथेच राहते.

खांबावरच्या कायम जोडलेल्या संचावर माझा फार भरवसा नाही. जुलैत सोयाबीनला पाऊस पुरतो, मोटारी बंद असतात. तेव्हा तो संच विनाकारण व्होल्टेज चढवतो, वर सूर्य निघाला की सौर प्रकल्पाची भर. मोटारीचा कपॅसिटर मोटारीबरोबर बंद होतो. शेतकऱ्यांनी ऑटोस्विच काढून तो बसवावा, यासाठी महावितरण आवाहने करते. लाइट आल्याबरोबर सगळ्या मोटारी एकदम उठल्या तर डीपी टिकायची कशी?

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत तर फिडरला हात न लावता काम होते. नव्या वीजजोडणीऐवजी सौर पंप दिला की तो भार तारेवर येतच नाही, रिअॅक्टिव्हसकट. माझ्या हाती असते तर अर्जांचा क्रम मी शेपटाकडून लावला असता.