मॉडेल काढून टाका, असं मी म्हणत होते

आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांना डिझाइनच्या सबमिशनसाठी मॉडेलची सक्ती नसावी, हे मत मी विभागाच्या बैठकांमध्ये अनेक वर्षं हट्टाने मांडत आले. मुलांचे हाल बघवत नव्हते, म्हणून मांडत होते. सबमिशनच्या आठवड्यात स्टुडिओभर सनबोर्डचा चुरा, बोटांवर कटरचे काप, आणि सलग ‘नाइट मारून’ तारवटलेले डोळे. ज्यांना परवडतं ती मुलं फाइल लेझर कटिंगवाल्याकडे पाठवतात आणि एमडीएफचं देखणं मॉडेल घेऊन येतात. ज्यांना मेसचे पैसेच जेमतेम पुरतात, ती रात्रभर बसून हाताने कापतात. ज्युरीच्या दिवशी दोन्ही मॉडेलं एकाच टेबलावर. स्पंजची झाडं आणि अ‍ॅक्रिलिकचं पाणी पाहून परीक्षकांचा आवाज मऊ होताना मी ऐकला आहे. निकाल लागला की ते सगळं भंगारात. स्केचअपमध्ये तीच इमारत उभी करता येते, फिरवता येते, हव्या त्या तारखेची सावली पाडता येते. मग पुठ्ठा कापायचा कशासाठी?

आज माझं म्हणणं वेगळं आहे. मॉडेल हवं. मात्र ते सत्राच्या शेवटी नको, सुरुवातीला हवं, आणि कच्चं हवं.

हे मत बदललं ते वाईच्या एका प्रकल्पामुळे. तिसऱ्या वर्षाला विषय दिला होता, कृष्णेच्या घाटाजवळ सार्वजनिक वाचनालय. निवडलेली जागा रस्त्यापासून नदीकडे सहा मीटर उतरणारी. बहुतेकांनी लॅपटॉपवर थेट इमारतीलाच हात घातला. एका मुलीचा लॅपटॉप दुरुस्तीला गेला होता. ती किराणा दुकानातून खोकी मागून आणून जागेचा उतार कापून घेऊन आली. १:२०० या प्रमाणात एक मीटरचा कंटूर म्हणजे पाच मिलिमीटर. जाड खोक्याचा पुठ्ठा जवळपास तेवढाच भरतो. सहा थर एकावर एक चिकटवले की वाईचा तो काठ टेबलावर तयार.

मग तिने आपल्या इमारतीचा प्लॅन पुठ्ठ्यावर कापला आणि रस्त्याच्या पातळीवर ठेवला. त्याचं नदीकडचं टोक सहा थर वर अधांतरी लोंबत राहिलं.

“मॅम, हे असं दिसेल?” एवढंच तिने विचारलं. मला काही सांगावं लागलं नाही. तिने तो प्लॅन तिथेच तीन तुकड्यांत कापला आणि उताराबरोबर खाली उतरवत नेला. पुढचा प्रश्न जिन्याचा. दीडशे मिलिमीटरची पायरी धरली तर सहा मीटरला चाळीस पायऱ्या, आणि तीनशेचा ट्रेड धरला तर जिन्याची धाव बाराएक मीटर, मधले लँडिंग वेगळे. तिने जागा सोडली होती याच्या निम्मी. कागदावर तो जिना बाणाची एक रेघ होती, म्हणून कोणाला खटकला नव्हता. पुठ्ठ्यावर तो मावेचना. शिवाय रोज वर्तमानपत्र वाचायला येणाऱ्या आजोबांना चाळीस पायऱ्या चढायला लावायच्या का, हेही वर्गातल्याच कोणीतरी विचारलं. वाचनकक्ष रस्त्याच्या पातळीवर आला.

शेवटी पूररेषा. निळी रेषा आणि लाल रेषा साइट प्लॅनवर सगळ्यांनीच काढल्या होत्या. तिने मात्र त्या पातळ्यांवर दोन रंगांचे दोरे गुंडाळले. पुस्तकांची कोठी लाल दोऱ्याच्या खाली होती. ती सगळ्यात वर गेली, आणि खालचा मजला उघडी ओसरी झाला, पाणी आत येईल आणि निघूनही जाईल अशी. माझ्या मते त्या वर्षीच्या वर्गातला तो सगळ्यात शहाणा निर्णय होता.

हे स्क्रीनवर का दिसलं नाही, यावर मी बराच विचार केला. मॉडेल तिथेही होतं, पातळ्याही होत्या. पण स्क्रीनवर आपण आपल्याला आवडेल त्याच कोनातून बघतो. अडचणीची बाजू फिरवून मागे टाकता येते. पाहिजे तेवढं मोठं करता येत असल्यामुळे मापाचा अंदाजच सुटतो. पुठ्ठ्याचा तुकडा चारी बाजूंनी उघडा असतो. त्याच्याभोवती सहा जणं उभी राहतात, कोणीही भिंत उपटून दुसरीकडे टोचतं. माउस एकाच्याच हातात असतो.

उन्हाचंही तसंच. “नॉर्थ लाइट” हे शब्द मुलं पुस्तकातून उचलतात आणि उत्तरेची अख्खी भिंत काचेची करतात. आम्ही एक युक्ती करतो. वाईच्या अक्षांशाचा सूर्यघड्याळाचा कागदी तक्ता मॉडेलच्या कोपऱ्यात चिकटवायचा, त्यावर टाचणी उभी करायची, आणि गच्चीवर उन्हात मॉडेल तिरकं करत जायचं. टाचणीची सावली हव्या त्या तारखेच्या, हव्या त्या तासावर आली की इमारतीत पडलेलं ऊन त्या वेळचं. २१ डिसेंबरच्या दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण ४९ अंशांवर, म्हणजे दक्षिणेचं ऊन खोलवर आत. मेच्या अखेरीस मात्र तो उत्तरेकडे कललेला, आणि सकाळ-संध्याकाळ ऊन त्या काचेच्या भिंतीतून थेट वाचणाऱ्याच्या डोळ्यांवर. सॉफ्टवेअर हे अधिक अचूक दाखवतं, पण ते एखाद्या मुलीने स्वतःच्या हाताने फिरवून पाहिलं की खिडकी बदलायला तिला सांगावं लागत नाही.

मॉडेल हे विचार करण्याचं साधन आहे, ही गोष्ट नवी नाही. वास्तुविशारद गौदीने बार्सिलोनाजवळच्या कोलोनिया ग्वेलच्या चर्चसाठी दोऱ्यांचं १:१० मॉडेल उलटं टांगलं होतं. दोऱ्यांना छऱ्यांच्या पिशव्या बांधायच्या. दोरी फक्त ताण घेते, म्हणून भाराखाली तिने घेतलेला आकार उलटा केला की दाब पेलणारी कमान मिळते. ते मॉडेल कोणाला खूश करण्यासाठी नव्हतं, गणित करण्यासाठी होतं. आणि त्याच्या कितीतरी आधी, पंधराव्या शतकात, वास्तुविशारद अल्बेर्तीने लिहून ठेवलं की मॉडेल साधं, रंगरंगोटीविना असावं. त्यात कारागिराचं कसब नको, कल्पनेची पारख व्हावी, आणि सगळं जमेपर्यंत ते बदलत राहता यावं.

शेवटच्या चकचकीत मॉडेलबद्दलचं माझं मत तसूभरही बदललेलं नाही. त्याने श्रीमंत-गरीब हा फरक टेबलावर मांडला जातो, आणि तोवर डिझाइन ठरून गेलेलं असल्यामुळे ते कोणाला काही शिकवतही नाही.

म्हणून आर्किटेक्चर शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना विनंती आहे. सबमिशनच्या मॉडेलचे गुण काढा आणि ते तिसऱ्या आठवड्यातल्या मॉडेलला द्या. साहित्य एकच ठेवा, खोक्याचा पुठ्ठा. कापणं वर्गातच, स्वतःच्या हाताने. आणि ज्युरीच्या दिवशी ते फाडलेले, पुन्हा चिकटवलेले तुकडे तसेच टेबलावर ठेवायला सांगा. परीक्षकांनी आधी तेच पाहावेत.