सतेरकाचं टाकं

महाक्षत्रप रुद्रदामनच्या जुनागढच्या शिलालेखावर बोलता बोलता एक मित्र म्हणाला, "रुद्रदामनच्या जावयाचा पुरावा तुमच्या बोरिवलीतच आहे." तेवढ्यावर मी भर जुलैत संजय गांधी राष्ट्रीय उद्यान गाठलं.

वनराणी, सफारी, गांधी टेकडी, सगळं मागं टाकलं. कान्हेरी लेण्यांच्या बसची रांग हलेना, म्हणून पायीच निघालो. दहिसर नदी गढूळ होऊन धावत होती. २०२४ साली फुलून वाळलेल्या कारवीच्या जागी कोवळी रोपं उठली होती. ती फुलायला २०३२ उजाडेल. शंभरेक चौरस किलोमीटरच्या या जंगलात बिबटे राहतात आणि पाड्यांवरचे वारली वाघोबाला पूजतात.

लेण्यांशी भेटलेल्या वाटाड्यानं पांडवांपासून सुरुवात केली. भिंतींवर दात्यांची नावं ब्राह्मीत कोरलेली असताना पांडव कशाला हवेत? त्याचे पैसे देऊन मी त्याला निरोप दिला. यज्ञ सातकर्णीच्या काळातला मोठा चैत्य, दरबार लेणं, अकरा मुखांचा अवलोकितेश्वर हे सगळं भरभर पाहिलं. मला पाचव्या क्रमांकाच्या लेण्याजवळचं, मित्रानं सांगितलेल्या पुराव्याचं टाकं गाठायचं होतं.

त्यावरचा लेख तुटका आहे. सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी, कार्दमक कुळातली, महाक्षत्रप 'रु...'ची मुलगी, एवढं त्यात लागतं. टाकं दिलं ते अमात्य सतेरकानं. त्या काळचे इथले बाकीचे लेख प्राकृतात आहेत, हा मात्र संस्कृतात. इ.स. १५०चा रुद्रदामनचा जुनागढचा लेखही संस्कृतातच आहे. राणीबरोबर तिच्या माहेरची भाषाही या डोंगरावर आली, असं मी मानतो. जुनागढच्या लेखात रुद्रदामन सांगतो की दक्षिणापथाच्या सातकर्णीला आपण दोनदा हरवलं, पण जवळच्या नात्यामुळे त्याचा समूळ नाश केला नाही. ते नातं कोणतं, याचं उत्तर या टाक्यावर असावं.

नाणेतज्ज्ञ रॅप्सननं हा जावई म्हणजे वासिष्ठीपुत्र पुळुमावी हा सातवाहन राजाच, असं धरलं. मला ते पटत नाही. पुळुमावी आपल्या लेखांत पुळुमावी म्हणूनच येतो; इथं स्पष्ट 'सातकर्णी' कोरलंय, आणि वासिष्ठीपुत्र सातकर्णीची वेगळी नाणीही मिळाली आहेत. दोघेही वासिष्ठीचेच मुलगे, म्हणजे भाऊ असावेत. राणीचं स्वतःचं नाव मात्र फुटलेल्या अक्षरांत गेलं, याची फार हळहळ वाटते.

पावसानं जोर धरला. कातळात कोरलेल्या पन्हळींतून पाणी टाक्यांत उतरू लागलं. जवळपास प्रत्येक विहाराला असं टाकं आहे. भिक्षूंचा उन्हाळा त्यावरच निघायचा. मुंबईसाठी १८६० साली विहार आणि १८७९ साली तुळशी तलाव बांधला गेला, तोही याच डोंगररांगेतल्या पावसाच्या भरवशावर.

शिलोंड्याची पायवाट ठरवली होती, ती राहिली. तिच्यापेक्षा मला दुसरे दाते खुणावत होते. कल्याणच्या सामिदत सोनारानं इथं टाकं दिलं, चौलच्या सुलसदतानंही दिलं. त्यांची कुठल्या राजाशी सोयरीक नव्हती. सामिदताचं टाकं नेमकं कोणतं, ते छत्री सावरत शोधत फिरलो, आणि पहारेकरी सगळ्यांना खाली हाकू लागला तेव्हाच उतरलो.