चालस ना, मंग चालू दे

टर्बो नसलेलं जुनं डिझेल इंजिन मरत नाही, अशी आमच्या भडगाव-पाचोरा भागात पक्की समजूत आहे. तिला आधारही आहे. या इंजिनात ना स्पार्क प्लग, ना कॉम्प्युटर, ना हवा कोंबणारा टर्बो. हवा, डिझेल आणि दाब मिळाला की ते फिरत राहतं. या समजुतीवर विसंबून मी जुनी इंडिका घेतली आणि तिच्याच नादात गाडीचं वाटोळं केलं. गाडीत खोट नव्हती. चुका माझ्या होत्या, आणि त्या करताना मी स्वतःला मोठा काटकसरी समजत होतो.

पहिली चूक हावरेपणाची. १९९८ च्या अखेरीस आलेल्या इंडिकाचं हे इंजिन १४०५ सीसीचं, साधारण ५३ हॉर्सपॉवरचं. घरची माणसं, मागे पोती आणि वर एसी, एवढं घेऊन चाळीसगावहून कन्नडचा घाट चढायचा म्हणजे दुसऱ्या गिअरला पर्याय नाही. मला पिकअप हवा होता. फिटरला सांगून डिझेल पंपाचा स्क्रू वाढवून घेतला. पहिले काही दिवस गाडी जोरात वाटली, मग मागून काळा धूर निघू लागला. धूर म्हणजे ताकद, असं मीच लोकांना सांगत होतो.

खरं गणित उलटं होतं. एक लिटर डिझेल पुरतं जळायला जवळपास दहा हजार लिटर हवा लागते. टर्बो नसलेलं इंजिन वातावरणाच्या दाबाने जेवढी हवा आत येईल तेवढीच घेतं. त्यातून मे महिन्यातली आमची ४५ अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा दहाएक टक्के विरळ, आणि घाट चढावा तशी ती आणखी विरळ होत जाते. हवा वाढत नसताना डिझेल वाढवलं की जादा डिझेलची काजळी होते आणि इंजिन तापतं. मी ताकद विकत घेत नव्हतो, उष्णता घेत होतो.

ती उष्णता काढायला रेडिएटरमध्ये काय होतं? बोअरचं पाणी. कूलंटच्या डब्याचे पैसे वाचवले होते. आमच्या बोअरच्या पाण्याने तांब्याच्या आत पांढरा थर बसतो, हे रोज दिसत होतं. तोच थर इंजिनातल्या पाण्याच्या वाटांमध्ये बसत असेल, हे डोक्यात आलं नाही. क्षाराचा थर उष्णता पाण्यापर्यंत जाऊ देत नाही. तापमानाचा काटा वर सरकू लागला तेव्हा एकाने सांगितलं, थर्मोस्टॅट काढून टाका. काढला. गरम इंजिनात थर्मोस्टॅट उघडाच असतो, म्हणजे मे महिन्यात त्याचा फायदा शून्य. डिसेंबरात मात्र इंजिन तापायचंच नाही, ॲव्हरेज पडला. त्यात दोन हीटर प्लग गेलेले. उन्हाळ्यात ते गेल्याचं कळत नाही. थंडीत पहाटे मी सेल्फ मारत बसायचो आणि बॅटरीला शिव्या द्यायचो. शेवटी बॅटरीही बदलली. हीटर प्लग तसेच राहिले.

मग एका उन्हाळ्यात त्याच घाटात काटा लालपर्यंत गेला आणि थोड्या वेळाने आपोआप खाली आला. मला हायसं वाटलं. एसी बंद केला होता, त्याचाच गुण आला असं समजून गाडी पुढे काढली. प्रत्यक्षात कुजलेला होज फुटून पाणी निघून गेलं होतं. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच त्याच्या आकड्याला अर्थ. पाणीच उरलं नाही, तर काटा काहीही दाखवतो. लालवर गेलेला काटा कारणाशिवाय खाली आला, तर गाडी तिथल्या तिथे बंद करावी. हे मला कुणी आधी सांगितलं असतं, तरी मी ऐकलं असतं की नाही, शंका आहे.

हेड पॅकिंग गेलं, हेड वाकलं. हेड उतरवलं तेव्हा एअर फिल्टरची करणीही दिसली. कपाशीच्या दिवसांत शेतरस्त्याची काळी धूळ फिल्टरवर बसते. मी त्याला कॉम्प्रेसरची हवा मारून तो पुन्हा बसवत असे. कागदाला जोराची हवा मारली की डोळ्यांना न दिसणारी छिद्रं पडतात. धुळीचे कण रेतीसारखे रिंगा आणि सिलिंडर घासत राहतात आणि दाब कमी होतो. दाब हाच तर या इंजिनाचा जीव. त्यात २२ पट दाबलेल्या हवेच्या उष्णतेवरच डिझेल पेटतं.

आणि मग सगळ्यात महागडी चूक. फिटर म्हणाला, ‘आप्पा, हेड उघडेलच शे, बेल्ट बी बदली टाकू.’ बिल आधीच वाढलं होतं. मी विचारलं, जुना तुटलाय का? नाही. मग मीच त्याला म्हणालो, ‘चालस ना, मंग चालू दे.’ जुना टायमिंग बेल्ट परत चढवला.

रबर किलोमीटरने झिजतं, तसंच वर्षांनीही कडक होतं. गाडी उभी राहिली तरी बेल्टचं वय वाढतं. शिवाय बाकीच्या दुखण्यांसारखा तो सूचना देत नाही. ना धूर, ना आवाज. तो तुटला तेव्हा मी एरंडोलच्या रस्त्यावर सपाटीला, निवांत वेगात होतो. इंजिन बंद पडलं, एवढंच मला कळलं. पुन्हा सेल्फ मारला, ही त्यातली आणखी एक चूक. हवा २२ पट दाबणाऱ्या इंजिनात पिस्टन वर आला की त्याच्यावर जवळजवळ जागाच उरत नाही. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह थांबतात आणि वर येणारा पिस्टन उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर आदळतो. नवीन पॅकिंग घातलेलं हेड पुन्हा उतरलं. त्या बिलात बेल्ट ही सगळ्यात स्वस्त वस्तू होती.

हे इंजिन फार सोसतं, आणि तिथेच माझा घोटाळा झाला. ते सोसतंय तोवर सगळं ठीक आहे, असं मी धरून चाललो. नव्या गाडीत काही बिघडलं की समोर दिवा लागतो, वेग कमी होतो, मालक नाइलाजाने गॅरेजला जातो. जुन्या डिझेलमध्ये तसं कुणी अडवत नाही, म्हणून वहीच ठेवावी लागते. माझ्या वहीत आता ऑइल, डिझेल फिल्टर, कूलंट आणि बेल्ट यांच्या तारखा आणि किलोमीटर आहेत. फिल्टरच्या तळाचं पाणी सोडतो, होज बोटांनी दाबून बघतो, एअर फिल्टर झटकतो किंवा नवा टाकतो. पंपाचा स्क्रू मूळ जागी आणला. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये चढतो.

जुनी डिझेल गाडी बघायला आपण गेलो की पहिला प्रश्न असतो ॲव्हरेजचा. तो नंतर विचारा. आधी बेल्टचं बिल मागा, मग इंजिन गार असताना रेडिएटरचं झाकण उघडून आतल्या पाण्याचा रंग बघा. बिल नसेल, तर नव्या बेल्टचे पैसे किमतीत धरा आणि गाडी घरी नेण्याआधी तो बदला.