भोकाचा पैसा आणि आजोबांचा हिशेब

१/ अनेक मराठी घरांत जुन्या नाण्यांची एक डबी असते. देव्हाऱ्याखालच्या खणात किंवा कपाटातल्या साड्यांच्या घडीत ती वर्षानुवर्षे पडून राहते. नाणेसंग्रहाचा छंद घरात रुजवायला ती डबी आणि एक वडीलधारे माणूस, एवढे भांडवल पुरते. मात्र या दोहोंपैकी डबी टिकते, माणूस टिकत नाही.

२/ डबीतून बहुधा प्रथम निघतो तो भोकाचा पैसा. "आजोबा, याला भोक कुणी पाडलं?" असे नातीने विचारले की दुसरे महायुद्ध थेट माजघरात येते. युद्धकाळात धातूची टंचाई झाली, म्हणून १९४३ पासून मधोमध भोक असलेला हा पैसा सरकारी टांकसाळीतूनच तसा निघू लागला. तो करदोट्यात ओवून मिरवल्याची आठवण मात्र कोणत्याही सरकारी दप्तरात सापडणार नाही. ती आजोबांकडेच असते.

३/ त्याच डबीत दोन-तीन रुपये असतील, तर ते शेजारी शेजारी ठेवावेत. युद्धापूर्वीच्या रुपयात सुमारे ९२ टक्के चांदी होती. १९४० पासून ती निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया निकेलचा निघाला. मोठ्या युद्धाचा ताण एका लहानशा धातूच्या तुकड्यावर कसा उमटतो, हे मुलांना याहून सोप्या रीतीने क्वचितच दाखवता येईल.

४/ मग येतो १ एप्रिल १९५७. तोवर रुपयाचे सोळा आणे, म्हणजेच चौसष्ट पैसे होत. आता शंभर नवे पैसे झाले. आण्याचे सव्वासहा होत, पण पाव पैशाचे नाणे नव्हते. म्हणून आण्याला सहा, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस आणि चार आण्यांना पंचवीस असा हिशेब ठरला. एकेक आणा सुटा मोडला, तर सोळा आण्यांचे शहाण्णवच नवे पैसे हाती येत. पावकी, निमकी, पाऊणकी पाठ केलेल्या पिढीला ही तफावत तोंडीच कळत असे.

५/ पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ नंतर चलनात राहिली नाहीत. 'चार आणे', 'सोळा आणे खरे', 'पै न पै' हे शब्द मात्र उरले. नाणे गेले तरी हिशेब भाषेत राहतो. तो उलगडून सांगणारे कोणी हवे.

६/ नाणी एकत्र राहण्याचे मोल नाशिक जिल्ह्यातील जोगलथेंबी येथे कळते. तिथे १९०६ मध्ये तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी एकाच ठेव्यात मिळाली. ती क्षत्रप नहपानाची होती आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाची सत्ता सातकर्णीने मोडल्याचा हा ठळक पुरावा मानला जातो. हीच नाणी एकेक करून बाजारात विखुरली असती, तर पुरावा इतका स्पष्ट राहिला नसता.

७/ घरातली डबी हाही एक छोटा ठेवाच आहे. म्हणून ती चिंचेने घासून लखलखीत करू नये. घासण्याने नाण्यावरील अक्षरे झिजतात आणि काळाने चढलेला मूळ रंगही जातो. 'भारी' नाणे निवडून विकण्याची घाईही करू नये. प्रत्येक नाणे कागदाच्या स्वतंत्र पाकिटात ठेवावे आणि ते कोणी, कुठून आणले, त्यात तेव्हा काय मिळत असे, हे पाकिटावर वडीलधाऱ्यांच्याच शब्दांत मुलांकडून लिहून घ्यावे.

८/ १९५७ मध्ये जे मूल दहा वर्षांचे होते, ते आज ऐंशीच्या घरात आहे. आणे मोजून वाणसामान आणलेली ही शेवटची पिढी. नाण्यावरचे वर्ष पुढेही वाचता येईल. त्या पैशात किती गूळ येत असे, हे विचारायला मात्र येत्या सुट्टीचाच मुहूर्त बरा.