काचेतला गाळ

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात आमच्या घरी पावसाळ्यात बोडीचं, म्हणजे छोट्या तळ्याचं, पाणी आलं की आई गुंडात तुरटीचा खडा फिरवायची. घाई केली की म्हणायची, "थांब, बसू दे." सकाळी तळाशी गाळ आणि वर नितळ पाणी. चिकणमातीच्या बारीक कणांवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर ढकलत तरंगत राहतात. तुरटीतलं ॲल्युमिनियम तो भार मारून टाकतं, कण एकमेकांना चिकटतात आणि जड होऊन खाली बसतात. हे कारण मला एम.एस्सी.ला कळलं. आज मी ज्या काचेवर काम करतो तिच्यात असंच गढूळपण मुद्दाम भरलेलं असतं. ते हवं तेव्हा पसरावं, हवं तेव्हा बाजूला सरावं, आणि हे झटपट व्हावं, एवढाच माझा प्रश्न आहे.

1807 साली मॉस्कोत रॉयस नावाच्या प्राध्यापकानं ओल्या चिकणमातीत काचेच्या दोन नळ्या खोचल्या, त्यांत पाणी भरलं आणि वीज सोडली. धन टोकाच्या नळीतलं पाणी गढूळ झालं. मातीचे कण विजेच्या ओढीनं चालत गेले होते. यालाच पुढे इलेक्ट्रोफोरेसिस म्हणू लागले. किंडलसारख्या वाचनयंत्राच्या पडद्यावर काळे-पांढरे कण वर-खाली होतात तेही याच तत्त्वावर. फक्त तिथे उजेड कणांवरून परत फिरतो. आमच्या काचेत तो आरपार जायला हवा.

आमची काच म्हणजे दोन पारदर्शक फिल्म, दोन्हींच्या आतल्या बाजूला वीज वाहणारा पातळ थर आणि मध्ये केसापेक्षा बारीक कुप्या. कुपीत खनिज तेलासारखा द्रव आणि त्यात काजळीचे कण. कण कुपीभर पसरले की काच काळी. ते कुपीच्या कडेला गोळा झाले की काच मोकळी. नागपूरच्या मिहानमध्ये ज्या ड्रीमलायनर विमानांची देखभाल होते, त्यांच्या खिडक्याही बटणावर गडद होतात, पण तिथे रंग रासायनिक बदलातून येतो आणि मिनिटभर तरी वाट पाहावी लागते. कणांना नुसतं सरकायचं असतं, म्हणून माझी भिस्त कणांवर.

वेग वाढवायचा म्हटलं की प्रयोगशाळेत नव्यानं आलेल्या मुलाच्या मनात पहिलं उत्तर येतं, व्होल्टेज वाढवा. कण सरळ चालत असतील तर ते खरंही आहे. व्होल्टेज दुप्पट केलं की वेळ निम्मा होतो. त्याहून गुणकारी उपाय म्हणजे थर पातळ करणं. व्होल्टेज तेवढंच ठेवून अंतर निम्मं केलं तर वेळ पाव होतो, कारण वाट निम्मी होते आणि ओढही दुप्पट होते. पण पातळ थरात तोच काळोख हवा तर काजळी दाट भरावी लागते, आणि दाटीत कण एकमेकांच्या वाटेत येतात.

खरी अडचण काच मोकळी करताना येते. काळी करायला हळू उलटसुलट होणारी वीज पुरते, कण हेलकावे खात पसरतात. मोकळी करताना त्यांना समोर किंवा मागे नाही, आडवं कडेला न्यायचं असतं, आणि आडवं ओढणारा विद्युतध्रुव तिथे नाही. तिथे वेगळं बळ कामी येतं. वीज सेकंदाला शेकडो वेळा उलटवली की कणाला कुठेच धड पोचता येत नाही. मग कुपीतल्या असमान विद्युतक्षेत्रामुळे तो हळूहळू भिंतीकडे ढकलला जातो. सुरुवातीलाच वीज फार वेगानं उलटवली, तर कुपीच्या मधले कण जागीच थरथरत राहतात आणि काचेवर धूसर छटा उरते. म्हणून आधी कमी वारंवारिता द्यायची, कणांना हलतं करायचं, मग पायरी-पायरीनं ती वाढवायची. धानाच्या बांधीत पाणी सोडताना मजूर फावड्यानं धुरा एकदम फोडत नाही, थोडं तोंड उघडून पाण्याला वाट धरू देतो, तसंच हे. माझ्या मते वेगाचं निम्मं रहस्य रसायनात नाही, या वीज देण्याच्या ढबीत आहे.

काही वेळा वेग मुद्दाम सोडावा लागतो. द्रवात लांब साखळीचं पॉलिमर विरघळवलं की वीज बंद केल्यावरही कण असतील तिथे टिकून राहतात, खिडकीला सतत वीज लागत नाही. पण द्रव दाट होतो आणि काच मंदावते. जिथे दुपारी लाईट जाते तिथल्या खिडकीसाठी मी टिकाऊपणा निवडेन.

आणि हवामान. गोंदियात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तर थंडीत विदर्भातलं सर्वांत कमी तापमान बरेचदा इथेच नोंदलं जातं. तापलेला द्रव पातळ होतो, गारठलेला दाटतो. म्हणजे विजेच्या एकाच ठरावीक लहरीवर ही काच बारा महिने नीट चालायची नाही. तापमान बघून लहर बदलणारा मेंदू तिला हवाच. शिवाय काजळी ऊन शोषते आणि काच स्वतः तापते. म्हणून दुहेरी काचेत हा थर बाहेरच्या बाजूला ठेवावा, मध्ये हवा राहावी, असा माझा आग्रह असतो.

गेल्या जानेवारीत तळहाताएवढा नमुना घेऊन घरी गेलो. नवेगावबांध तलावाच्या पाळीवर पहाटे धुकं होतं. कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेला तो तलाव काचेच्या पलीकडे दिसत होता. बटण दाबलं. काच काळी झाली, मग उघडू लागली, पण रेंगाळत, प्रयोगशाळेतल्यापेक्षा कितीतरी सावकाश. सोबत आलेल्या आईनं वाकून पाहिलं आणि म्हणाली, "अजून बसला नाही का गाळ?" मी घड्याळाकडे बघत आकडा वहीत लिहिला. मग ऊन वर येईपर्यंत दर दहा मिनिटांनी लिहीत राहिलो.