सकाळी न उघडणारा संगणक

बँकेतून निवृत्त झाल्यावर माणसाकडे दोन प्रकारची कामे आपोआप चालत येतात. एक, आयकराची विवरणपत्रे, आणि दुसरे, बिघडलेला संगणक. दुसऱ्या कामातील माझे ज्ञान फारसे नाही. पण बत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला यंत्रातले सर्व कळते, असा आपल्या व्यापारी कुटुंबांचा दृढ समज आहे. तो मोडण्याचे धैर्य मला कधी झाले नाही.

गेल्या श्रावणात वडशाहून पुतण्याचा फोन आला. देसाईगंज-वडसा येथे माझ्या थोरल्या चुलतबंधूंचे धान-तांदूळ आणि किराण्याचे ठोक दुकान आहे. "काकाजी, संगणक सकाळी सुरूच होत नाही. काळा पडदा येतो आणि डाव्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत राहते. दहा-साडेदहानंतर मात्र आपोआप ठीक होतो. तंत्रज्ञ म्हणतो हार्डडिस्क गेली, सगळे पुसून नव्याने भरावे लागेल." जीएसटीचे विवरणपत्र २० तारखेपर्यंत भरायचे होते आणि सारा हिशेब त्याच यंत्रात होता. मी म्हटले, "मी येईपर्यंत कोणालाही काही पुसू देऊ नकोस," आणि दुसऱ्या दिवशी चांदा फोर्टहून गाडी धरली. मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी असा तो मार्ग. दुतर्फा बांध्यांत पाणी साचलेले, रोवणी नुकतीच आटोपलेली. त्या हिरव्या रंगाकडे पाहत संगणकाचा विचार करणे कठीणच होते.

दुकानात पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. यंत्र उत्तम चालत होते. मी ते पाच वेळा बंद करून पाच वेळा सुरू केले. पाचही वेळा निमूटपणे सुरू झाले. मग मी अनुभवी माणसासारखा चेहरा करून विजेच्या दाबावर बोललो, अर्थिंगवर बोललो, पावसाळी दमटपणावरही बोललो. यातले काहीच खरे नव्हते, हे पुढे कळले.

रात्री जेवणानंतर पुतण्याने मनातली खरी गोष्ट सांगितली. दुकानात हिशेब लिहिणारा आरमोरीकडचा एक मुलगा आहे, बी.कॉम. झालेला, कष्टाळू, अबोल. पुतण्याला त्याचा संशय होता. "काकाजी, रोवणीसाठी तो आठ दिवस गावी गेला होता. ते आठही दिवस संगणक सकाळी पहिल्या झटक्यात सुरू झाला. तो परत आला, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तेच. संध्याकाळी शेवटी तोच यंत्रावर असतो. आणि दादा दुकानात आले की यंत्र ठीक होते. दादांपुढे त्याची हिंमत होत नसावी." महिनाअखेर त्याचा हिशेब चुकता करायचा, असे जवळजवळ ठरले होते.

पुरावा बिनतोड होता, आणि त्यामुळेच मला झोप लागली नाही. असाच बिनतोड पुरावा मी पूर्वी एकदा पाहिला होता. पाहिला होता म्हणजे, लिहिला होता.

रंगराजन समितीचा बँकांच्या यांत्रिकीकरणावरील पहिला अहवाल १९८४ चा आणि दुसरा १९८९ चा. आमच्या गडचिरोली जिल्ह्यातील शाखेत, आणि हा जिल्हाच मुळी २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झालेला, संगणक पोहोचेपर्यंत नव्वदचे दशक बरेच पुढे गेले होते. यंत्राला कर्मचाऱ्यांचा विरोध होता. एक लिपिक तो विरोध उघडपणे बोलून दाखवत असे. एके सकाळी यंत्र सुरू होईना. पडद्यावर इंग्रजीत, ही डिस्क प्रणालीची नाही, अशा अर्थाची सूचना. दोन दिवस शाखा पुन्हा जाड खतावण्यांवर चालली. मी तेव्हा अकाउंटंट होतो. यंत्राशी शेवटचा संबंध त्या लिपिकाचा आला होता आणि त्याची वृत्ती सर्वांना ठाऊक होती, अशा आशयाची एक टिपणी मी माझ्या सहीने वर पाठवली. तिसऱ्या दिवशी नागपूरहून अभियंता आला. त्याने खुर्चीत बसण्यापूर्वीच यंत्राच्या पुढच्या बाजूची एक कळ दाबली, साडेतीन इंची फ्लॉपी बाहेर आली, आणि यंत्र सुरू झाले. आदल्या सायंकाळी दिवसअखेरची नक्कल त्या फ्लॉपीवर घेणारा मीच होतो. लिपिकाची तोपर्यंत आवक-जावकच्या टेबलावर रवानगी झालेली होती. ती बदलावी असे मी कोणाला सुचवले नाही. यंत्र चालू झाले होते, विषय संपला होता.

फ्लॉपीने असे का व्हावे, हे थोडक्यात सांगतो, कारण आजही कारण तेच आहे. संगणकाला वीज मिळाली की त्याचा मेंदू आरंभी जवळजवळ कोरा असतो. बोर्डावरच्या एका चिपमध्ये बायोस नावाचा छोटासा कायमचा कार्यक्रम असतो. तो स्मृती तपासतो, कळफलक आहे ना ते पाहतो, जोडलेली उपकरणे मोजतो आणि मग एका ठरलेल्या क्रमाने विचारत जातो, "मुख्य प्रणाली कोणाकडे आहे?" क्रमात पहिले नाव फ्लॉपीचे असेल आणि तिच्यात नुसते हिशेब असतील, तर तो तिथेच अडतो. मागे हार्डडिस्क अगदी निरोगी बसलेली असते. तिला कोणी विचारतच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी पुतण्याबरोबर दुकान उघडले. बटण दाबले. काळा पडदा, लुकलुकणारी रेघ. दादा अजून मंदिरातून यायचे होते. तो मुलगा पोत्यांच्या थप्पीजवळ उभा होता. त्याला सर्व ठाऊक असावे असा त्याचा चेहरा होता.

ताळेबंदात फरक आला की आम्ही एक करीत असू. फरक नऊने भागला जातो का ते पाहायचे. गेला, तर बहुधा कुठेतरी अंकांची अदलाबदल झालेली. नाही गेला, तर खतावण्या एकेक करून बाजूला काढायच्या आणि फरक कोणत्या गठ्ठ्यात आहे ते शोधायचे. यंत्राला मी तीच रीत लावली. वीज बंद केली आणि मागच्या-पुढच्या सर्व वायरी काढल्या. प्रिंटर, बारकोड वाचणारे यंत्र, यूपीएसची माहितीची वायर, पुढच्या खाचेतला पेनड्राइव्ह, सर्व. राहिले फक्त पडदा, कळफलक आणि माऊस. यंत्र ताबडतोब सुरू झाले. मग एकेक उपकरण जोडायचे, आणि प्रत्येक वेळी पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करायचे. हे कंटाळवाणे आहे, पण दोन उपकरणे एकदम जोडण्याचा मोह झाला की सारा खटाटोप वाया जातो. प्रिंटर जोडला, ठीक. बारकोडयंत्र, ठीक. यूपीएसची वायर, ठीक. शेवटी पेनड्राइव्ह खोचला, आणि काळा पडदा.

आता तो पेनड्राइव्ह तिथे आला कसा? तो माझ्याच सल्ल्याने आला होता. दिवाळीत मी दादांना बजावले होते, "हिशेबाची नक्कल रोज रात्री पेनड्राइव्हवर घ्या आणि तो तिजोरीत ठेवा." दादांनी ते व्रतासारखे पाळले. सूर्यास्तापूर्वी जेवायचे म्हणून ते लवकर घरी जातात. जाताना तिजोरीतून पेनड्राइव्ह काढून मुलाच्या हाती देत. तो दुकान बंद होताना नक्कल घेई. तिजोरीची किल्ली दादांच्या कमरेला, म्हणून पेनड्राइव्ह यंत्रातच राही. सकाळी साडेदहाला दादा येत, तो काढून तिजोरीत टाकत, आणि यंत्र "आपोआप" ठीक होई. मुलगा गावी गेला तेव्हा नक्कल घेणारा कोणी नव्हता, म्हणून ते आठ दिवस पेनड्राइव्ह तिजोरीबाहेरच आला नाही. प्रामाणिकपणे काम करणारा एकटा तोच होता, आणि त्याचाच पुरावा त्याच्याविरुद्ध उभा राहिला होता.

बायोसमध्ये शिरून पाहिले तर क्रमात पहिले नाव यूएसबीचे. कधीतरी विंडोज नव्याने भरताना कोणीतरी तो क्रम बदलला आणि परत पूर्ववत करायला विसरला. मी हार्डडिस्कला पहिले स्थान दिले. त्यानंतर पेनड्राइव्ह लावूनही यंत्र सुरू झाले. तरीही तो रात्रभर यंत्रात ठेवू नये. वीज पडली किंवा विषाणू शिरला, तर मूळ आणि नक्कल दोन्ही एकदमच जातील. मग नकलेचा उपयोग काय?

उपकरणांच्या अशा लीला आणखीही असतात. चंद्रपूरच्या एका ओळखीच्या दुकानात यंत्र सुरू होताना सतत टूं-टूं करी. कळफलकावर कोणीतरी रोकडवही ठेवलेली असायची, आणि दाबली गेलेली कळ हा बायोसच्या दृष्टीने बिघाडच. स्वतःची वीज असलेले यूएसबी हब असेल तर बंद केलेल्या यंत्राचेही दिवे कधी कधी मंद जळत राहतात. हबातली वीज उलटी आत शिरते. अशा वेळी सर्व वायरी काढून मिनिटभर थांबावे. नवी हार्डडिस्क घेण्यापूर्वी एवढे करून पाहायला खर्च काहीच नाही.

दादा आले. पुतण्याने त्यांना हळू आवाजात सर्व सांगितले. ते बराच वेळ गादीवर बोलले नाहीत. मग मुलाला हाक मारून म्हणाले, "आजपासून नक्कल मी घरी जाण्याआधी घ्यायची. पेनड्राइव्ह तूच काढायचा आणि माझ्या हातात द्यायचा."

"हो जी," तो म्हणाला. थोडे थांबून पुन्हा म्हणाला, "मी काहीच केलो नव्हतो जी."

"ठाऊक आहे," दादा म्हणाले. पुतण्या मान खाली घालून बिले लावीत होता. थोड्या वेळाने त्याने स्वतः उठून मुलासाठी चहा सांगितला.

परतीच्या गाडीत मी जुन्या सहकाऱ्यांना फोन करून त्या लिपिकाचा क्रमांक मिळवला. ते ब्रह्मपुरीला मुलाकडे असतात. मी नाव सांगितले, फ्लॉपीची गोष्ट सांगितली, टिपणीचीही सांगितली. टिपणी त्यांना ठाऊक होती. तेव्हाच कोणीतरी दाखवली होती. मी क्षमा मागितली. पलीकडे काही क्षण शांतता होती.

"जाऊ द्या साहेब," ते म्हणाले, "आवक-जावकचे टेबल खिडकीजवळ होते. उन्हाळ्यात बरे पडायचे." मग त्यांनी विचारले, गाडी कुठपर्यंत आली, आणि ब्रह्मपुरीला ती किती वेळ थांबते. मी म्हटले, फार नाही. ते म्हणाले, पुढच्या वेळी उतराच.