रंग गेल्यानंतर

सुती कापडावर रिॲक्टिव्ह रंग चढवताना सगळा रंग धाग्याला धरत नाही. त्यातला काही पाण्याशीच संयोग पावतो आणि मग कापडाच्या कामाचा उरत नाही. धुलाईत तो बाहेर पडतो, सोबत मीठही. रंग धाग्याकडे ढकलण्यासाठी लिटरमागे पन्नास-साठ ग्रॅम मीठ घालावं लागतं. इचलकरंजीतल्या प्रोसेस हाउसचं सांडपाणी हे असं असतं, आणि त्याच्या उताराला पंचगंगा आहे. माझं सगळं काम या उताराच्या अलीकडे चालतं.

एवढं मीठ सांडपाणी साफ करणाऱ्या जिवाणूंना मानवत नाही. विजेने पाणी साफ करायचं तर मात्र ते हवंच असतं. पाणी खारट असलं की प्रवाह सहज वाहतो, व्होल्टेज कमी लागतं.

पहिली रीत लोखंडी पत्र्यांची. एक अँपिअर प्रवाह तासभर सोडला की साधारण एक ग्रॅम लोखंड विरघळतं. त्याचे हायड्रॉक्साइडचे पुंजके होतात, रंग त्यांना चिकटतो आणि समोरच्या पत्र्यावरून सुटणारे हायड्रोजनचे बुडबुडे त्यातले बरेचसे वर उचलतात. मला ही रीत फार आवडते. रेक्टिफायरचा ॲमीटर इथे तराजूचं काम करतो. किती औषध पडलं हे काट्यावर वाचता येतं. पत्र्यांवर थर बसला की ध्रुव उलटवायचे. पण रंग इथे नष्ट होत नाही, तो गाळात जातो, आणि त्या गाळाची विल्हेवाट घातक कचऱ्यासारखी लावावी लागते.

दुसरी रीत जाळण्याची. रुथेनियम ऑक्साइडचा लेप दिलेल्या टायटॅनियमच्या पत्र्यावर मिठातला क्लोराइड क्लोरीन होतो, त्याचं हायपोक्लोराइट बनतं आणि गडद निळं पाणी बघता बघता निवळतं. बघायला आलेली माणसं इथे खूश होतात. मला नेमकी इथेच काळजी वाटू लागते. तुटलेला असतो तो ॲझो बंध, म्हणजे रंग दाखवणारा दुवा. बेंझिन-नॅप्थलीनची कडी बऱ्याचदा शाबूत असतात, काहींना आता क्लोरीनही चिकटलेला असतो, क्लोरोफॉर्मसुद्धा तयार होतो. सीओडी, म्हणजे पाण्यातली द्रव्यं रासायनिकरीत्या जाळायला लागणाऱ्या ऑक्सिजनचं माप, फारसा हललेला नसतो. रंग गेला म्हणून यंत्र बंद करणं हे मी काम अर्धवट टाकणंच समजतो. बोरॉनमिश्रित हिऱ्याचा लेप असलेला ॲनोड सेंद्रिय द्रव्य पार कार्बन डायऑक्साइडपर्यंत नेऊ शकतो. मात्र तो महाग आहे, आणि खाऱ्या पाण्यात त्याच्यावर क्लोरेट, परक्लोरेटही तयार होतात.

मग सगळंच विजेने का जाळू नये? हिशेब मांडून पाहा. एक किलो सीओडीला किमान ३,३५० अँपिअर-तास लागतात. पाच व्होल्टला सतरा युनिटच्या आसपास, तेही कणभर वीज वाया गेली नाही तर. लाखभर लिटर पाण्यात १,५०० मिलिग्रॅम प्रतिलिटर सीओडी असेल तर अडीच हजार युनिट! त्यातला मोठा वाटा खळीच्या स्टार्चचा असू शकतो, आणि स्टार्च तर जिवाणू आनंदाने खातात. त्यावर वीज खर्चणं मला पटत नाही.

म्हणून नव्या ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर, गेलो की मी आधी नळ बघतो. खळ उतरवलेलं पाणी, रंगवून झाल्यावर सोडलेलं पहिलं पाणी आणि नंतरच्या धुलाईचं पाणी एकाच टाकीत पडत असेल, तर कोणताही ॲनोड ते गणित सुधारू शकत नाही. वीज रंगाच्या त्या पहिल्या पाण्यासाठी राखावी. आणि शेवटची तपासणी डोळ्यांवर सोडू नये. रासायनिक तपासणीच्या नमुन्यात थायोसल्फेट घालून उरलेला क्लोरीन आधी मारावा, नाहीतर बाटलीत प्रक्रिया चालूच राहते. मिठामुळे सीओडीचा आकडा फुगतो, त्याचाही बंदोबस्त करावा. नियमात सीओडीला २५० मिलिग्रॅम प्रतिलिटरची मर्यादा आहे, तशी माशांचीही कसोटी आहे: पाणी न मिसळलेल्या प्रक्रियोत्तर सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जगले पाहिजेत. क्लोरीन उरलेलं काचेसारखं स्वच्छ पाणीही तिथे नापास होतं, म्हणून मी तीच कसोटी आधी मागतो.